भिंतीवर कोणती बाग: मोनेची की पिसारोची?

घरात लावायला शहरातल्या बागेचं इम्प्रेशनिस्ट (सुट्या फटकाऱ्यांनी उजेड टिपणाऱ्या शैलीतलं) चित्र हवंय आणि गाडी क्लोद मोने की कामीय पिसारो, या दोन चित्रकारांपाशी अडलीय? मग आधी भिंत मोजा. मोनेचं ‘पार्क मोन्सो’ (1878) उभं आहे, पिसारोची ट्युलरीज बागेतली हिवाळी दुपार (1899) आडवी. सोफ्यामागच्या रुंद भिंतीवर एकटं उभं चित्र पोरकं दिसतं, आणि दोन दारांमधल्या पट्टीत आडवं मावत नाही. बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच मिटतो.

न मिटल्यास पुढे वाचा. दोन्ही बागा पॅरिसच्याच, पण मोने बागेच्या आत, झाडांखाली उभा आहे. सावलीत बायका-मुलं बसलीत एवढं कळतं. जवळ जाऊन चेहरे शोधाल तर हाती लागतात नुसते रंगाचे फटकारे. पानं कुठे संपतात आणि कवडसे कुठे सुरू होतात, हेही नक्की सांगता येत नाही. मला हे चित्र दोघांत जास्त धाडसी वाटतं.

पिसारोला डोळ्यांच्या जुन्या दुखण्यामुळे उघड्यावर रंगवणं जड जात होतं. म्हणून त्याने बागेसमोर, रू द रिव्होली या रस्त्यावर 204 क्रमांकाच्या इमारतीत घर भाड्याने घेतलं आणि खिडकीतून बाग रंगवली. त्यामुळे सगळं वरून दिसतं: निष्पर्ण झाडं, फिकट वाटा, मुंग्यांएवढी माणसं आणि भरपूर आभाळ. पहिल्या नजरेत फिकं वाटेल, पण रोज समोर असणार असेल तर मी हेच घेईन. त्यात नजरेला फिरायला जागा आहे.

छपाईत मात्र मोने दगा देतो. त्याचा सगळा जीव सावलीत, आणि स्वस्त प्रिंटमध्ये तिथले हिरवे-निळे रंग मिळून एकच काळपट डाग होतो. पिसारोचे करडे रंग फार तर थोडे पिवळट पडतात. दोन्ही मूळ चित्रं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत आणि त्यांच्या मोठ्या प्रतिमा म्युझियमच्या साइटवर मोफत मिळतात, तेव्हा तयार पोस्टरपेक्षा स्वतः छापून घेतलेलं बरं. मूळ आकार मोनेचा साधारण 73 बाय 54 सेंटीमीटर, पिसारोचा 74 बाय 92. निम्म्याहून लहान केलंत तर फटकारे दिसेनासे होतात.

कागद मॅट घ्या. मोनेवर साधी चकचकीत काच तर नकोच, त्या गडद सावलीत समोरची ट्यूबलाइटच दिसत राहील.