ड्रॉ असताना रेझ की कॉल? सोलापुरातल्या चार रविवारच्या पोकर वर्गाबद्दल

तीन पत्तीत ड्रॉ, म्हणजे पुढचं पान लागून पुरा व्हायचा अर्धा हात, ही भानगडच नाही. तिन्ही पानं एकदम हातात येतात, आहे ते आहे. रमीत उलट सगळा खेळ अपुऱ्या हातावर चालतो, पण तिथं पुढच्या पानाची वाट बघायला दर फेरीला काही मोजावं लागत नाही. सोलापुरात पोकर शिकायला येणारा माणूस बहुतेक या दोनांपैकी एका खेळातून आलेला असतो. तीन पत्तीवाला ड्रॉ फेकून देतो किंवा डोळे झाकून चाल लावतो. रमीवाला गपगुमान कॉल करत, म्हणजे समोरच्याइतकेच चिप्स घालत बसतो. जुळे सोलापुरातल्या या वर्गाची खरी परीक्षा त्यामुळे तिसऱ्या रविवारी होते. त्या दिवशी विषय एकच: ड्रॉ आला की मारायचं (रेझ, म्हणजे बोली वाढवायची) की थांबायचं (नुसता कॉल).

आधी व्यवहाराचं. चार रविवार, सकाळी १० ते १, फी २,४०० रुपये, दोन टेबलं, टेबलाला सहा जण. खेळ नो-लिमिट होल्डेम: हातात दोन पानं, बोर्डवर सगळ्यांची मिळून पाच, आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर); दर टप्प्याला बेट, म्हणजे बोली, हवी तेवढी लावता येते. चिप्सला पैशाचं मोल नाही आणि वर्गात पैसा लावू देत नाहीत, हे बरंच आहे. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच, त्यात २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळही बंद केले. पानं पूर्ण प्लास्टिकची आहेत. एप्रिल-मे महिन्यात घामट हातात कागदी पानांच्या कडा दुसऱ्या तासाला वाकतात आणि मग इस्पिकचा एक्का पाठीवरूनच ओळखू येतो.

वर्गाची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे मांडलेले फ्लॉप. एकाच रंगाची (दोन्ही किलवर, दोन्ही बदाम अशी) दोन पानं साधारण २३.५ टक्के वेळा मिळतात आणि ती मिळाल्यावर फ्लॉपवर फ्लश ड्रॉ (एका रंगाची चार पानं, पाचवं लागलं की फ्लश) लागतो तो सुमारे ११ टक्के वेळा. म्हणजे असा ड्रॉ चाळीसेक डावांत एकदा. नुसतं वाटत बसलं तर तीन तासांत एखाद्याच्या वाट्याला एक ड्रॉ येईल, नाहीतर तोही नाही. इथं शिक्षक फ्लॉप आधीच लावून ठेवतात आणि तोच डाव तीनदा खेळवतात: एकदा रेझ करून, एकदा कॉल करून, एकदा शेवटी बोलायची जागा बदलून. ही पद्धत घरी उचलण्यासारखी आहे.

छापील तक्ता मात्र जपून वापरा. फ्लश ड्रॉला ९ आउट्स (हात पुरा करणारी उरलेली पानं), रिव्हरपर्यंत ३५ टक्के; दोन्ही बाजूंनी उघड्या स्ट्रेटला (सलग चार पानं, पाचवं कुठल्याही टोकाला चालतं) ८ आउट्स, ३१.५ टक्के; गटशॉटला (सलग पाचातलं मधलं एक पान हवं) ४ आउट्स, १६.५ टक्के. इथवर बरोबर. मग १५ आउट्सच्या पुढं चक्क ६० छापलंय. आउट्सना चारनं गुणून टक्के काढायचा नियम मोठ्या ड्रॉला फुगतो, खरा आकडा ५४ आहे. आठच्या वर जितके आउट्स असतील तितके गुणाकारातून वजा करा: ६० वजा ७, म्हणजे ५३. तेवढं पुरतं. त्याहून मोठी चूक म्हणजे फ्लॉपवर सर्रास चारनं गुणणं. समोरचा टर्नवर पुन्हा बेट लावणार असेल तर आत्ताच्या कॉलमध्ये एकच पान विकत मिळतं, दोन नाहीत. तेव्हा दोननं गुणायचं.

आता मुद्द्याचं. वर्गाचा कल उघड उघड आक्रमक आहे: ड्रॉ असला की रेझ. कारण बरोबर सांगतात. रेझ केल्यावर जिंकायचे रस्ते दोन होतात, समोरचा पानं टाकेल (फोल्ड) किंवा आपलं पान लागेल. फळ्यावरचं उदाहरण असं: टर्नवर पॉट (मधे जमलेले चिप्स) १,००० आणि आपण उरलेले १,००० सारले. हातात काहीच नसेल तर समोरच्यानं ५० टक्के वेळा फोल्ड करायला हवं. फ्लश ड्रॉ असेल तर कॉल झाला तरी सुमारे १९.६ टक्के वेळा पान लागतं, म्हणून २९ टक्के फोल्डवरच बरोबरी होते. हीच चाल फ्लॉपवर, दोन पानं बाकी असताना केली तर ३५ टक्क्यांना ३,००० च्या पॉटमधला वाटा १,०५० होतो, घातलेल्या १,००० हून जास्त. एकही फोल्ड नको. समोर सेट (हातातली जोडी आणि बोर्डवर तेच तिसरं पान) असेल तर ३५ चे साधारण २५ होतात, कारण बोर्डवर जोडी पडली की आपला फ्लशही मरतो, आणि तेव्हा पुन्हा २० टक्के फोल्ड लागतात. हे शेवटचं वर्गात सांगत नाहीत. सांगायला हवं.

खरी गोम फोल्डच्या आकड्यात आहे. तीन पत्तीवर वाढलेलं टेबल ‘बघू तरी’ म्हणून कॉल करतं. शो मागायची सवय हाडीमाशी खिळलेली असते. अशा टेबलावर २९ टक्के फोल्ड आणणार कुठून? तिथं साध्या फ्लश ड्रॉवर टर्नला सगळं सारणं म्हणजे चिप्स दान करणं. पण तेच टेबल मोठ्या ड्रॉला सोन्यासारखं. हातात किलवरची दश्शी-नव्वी, फ्लॉप किलवरचा गुलाम, किलवरची तिर्री, बदामची अठ्ठी: ९ किलवर आणि किलवर सोडून राणी-सत्तीची ६ पानं, एकूण १५ आउट्स. समोर वरची एक जोडी असेल तर पारडं आपलंच जड. फ्लॉपवरच जास्तीत जास्त घाला, त्यांनी कॉल केलेलाच बरा. टर्न कोरडा गेला की हाच हात ३३ टक्क्यांवर येतो, म्हणून उशीर नको.

कॉलची बाजू वर्गात वीस मिनिटांत उरकतात. तिथलं गणित आपणच करून घ्यावं. टर्नवर पॉट ६००, समोरच्याची बेट ३००. कॉलला २५ टक्के लागतात, फ्लश ड्रॉकडं १९.६ आहेत. फरक भरून यायला पान लागल्यावर रिव्हरला सरासरी आणखी ३३३ तरी मिळाले पाहिजेत. समोरच्याकडं मागं २०० च उरले असतील तर कॉल चूक. २,००० असतील आणि तो जोडी सोडणाऱ्यातला नसेल तर कॉल छान. तीन-चार जण डावात असतील तर गप्प कॉलच बरा, पण ड्रॉ वरचा हवा. चौकटच्या अठ्ठी-सत्तीचा फ्लश लागला आणि कोणाकडं चौकटचा एक्का निघाला तर पान लागूनच बुडायचं. बोर्डवर आधीच एका रंगाची दोन पानं असतील तर स्ट्रेटचे ८ आउट्सही ६ धरा.

रमीवाल्यांना एक सवय मोडावी लागते. टाकलेली पानं बघून उरलेली मोजायची त्यांना खोड असते, इथं फोल्ड झालेली पानं पालथीच जातात. न दिसलेली फ्लॉपवर ४७ आणि टर्नवर ४६ धरूनच चाला.

टेबलावर सोलापुरी चादर अंथरतात. दिसते झकास, पण जाड विणीवर चिप्सचे मनोरे कलंडतात आणि पॉट मोजताना गोंधळ होतो. खाली रेक्झिन घालून वर साधा सुती कपडा ताणला तर काम भागेल. तिसऱ्या रविवारी टेबलाच्या भिंतीकडच्या बाजूला बसा; पंखा फळ्याकडं आहे, पण आकडे भिंतीकडूनच नीट दिसतात. चौथा रविवार मोकळ्या सरावाचा. ड्रॉचं पक्कं करायचं असेल तर त्या दिवशीही फ्लॉप मांडून द्यायला सांगा, शिक्षक नाही म्हणत नाहीत.