कराटे, जुडो की जिउ-जित्सू? तिशी-चाळिशीत सुरुवात करणाऱ्यांसाठी

लहान मुलांच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभी राहून मी पहिल्यांदा पांढरा पट्टा बांधला, तेव्हा मला चौतिसावं संपत आलं होतं. चार वर्षं कराटे केलं, मग दीड वर्ष जुडो, आणि आता जिउ-जित्सूचं सहावं वर्ष चालू आहे. ओळखीतलं कुणी ना कुणी विचारत असतं, "आता या वयात सुरू करायचं तर काय करू?" त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो, "खऱ्या मारामारीत जास्त उपयोगी काय?" हा दुसरा प्रश्न सध्या बाजूला ठेवा, अशी माझी मनापासून विनंती आहे. नोकरी, घर आणि झोप सांभाळून शिकणाऱ्या माणसाची कला टिकते किंवा सुटते ती वेगळ्याच कारणांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग कसं असतं? दोन आठवडे क्लास बुडाला तर काय होतं? आणि तिथे जी भीती वाटते, तिच्याशी आपलं जमतं का?

या तिन्ही कला एकमेकींच्या नात्यातल्या आहेत. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही शाळा सुरू केली आणि जुजुत्सू या जुन्या जपानी झटापटीच्या कलेतून जुडो घडवला. जपानच्या ओकिनावा बेटाचे गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये कराटे दाखवायला टोकियोत आले. कानोंनी त्यांना कोदोकानमध्ये बोलावलं, आणि पुढे जुडोचा पोशाख व पट्ट्यांची पद्धत कराटेने उचलली. कोदोकानमध्येच तयार झालेले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले. त्यांच्याकडून तिथल्या ग्रेसी घराण्याने जे घेतलं आणि जमिनीवरच्या झटापटीच्या अंगाने वाढवलं, ते आजचं ब्राझिलियन जिउ-जित्सू. कपडे सारखे दिसतात ते यामुळे. आतला अनुभव मात्र तिन्हीकडे अगदी वेगळा असतो.

पहिले तीन महिने

कराटेत पहिल्या दिवशी तुम्हाला कुणी हात लावत नाही. रांगेत उभं राहायचं, आकड्यांवर ठोसे, अडवण्या आणि लाथा मारायच्या, पाय रोवायला शिकायचं. घाम भरपूर येतो, मांड्या भरून येतात, पण घाबरण्यासारखं काही घडत नाही. मोठ्या वयाच्या माणसाला लाज वाटते ती निराळ्याच गोष्टीची. शेजारचा दहा वर्षांचा मुलगा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, तोंडपाठ असल्यासारखी करतो आणि आपण डावीकडे वळायच्या जागी उजवीकडे वळून त्याच्या समोर तोंड करून उभे राहतो. शोतोकान या कराटेच्या शैलीत सुरुवातीला ज्या पाच हेआन काता शिकवतात, त्या मुळात ओकिनावातल्या शाळकरी मुलांसाठी तिथले कराटे शिक्षक इतोसू आन्को यांनी बसवल्या होत्या. हे कळल्यावर माझ्या मनावरचं ओझं उतरलं. मुलं आपल्यापेक्षा पटकन शिकणार, ते धरूनच चालायचं.

जुडोत पहिले कित्येक तास पडायला शिकण्यात जातात. हनुवटी छातीकडे, नजर पट्ट्याच्या गाठीवर, आणि पाठ टेकताना हाताची थाप मॅटवर. आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्याने, मग कोलांटी घेत. मुलं हे खेळासारखं करतात. मोठ्या माणसाचं शरीर वीस-पंचवीस वर्षांत एकदाही मुद्दाम पडलेलं नसतं, त्यामुळे ते आकसतं, हात मागे टेकवायला बघतं, आणि मनगट-कोपर दुखावतं ते तिथेच. माझ्या मते जुडोची सगळ्यात मोठी देणगी हीच आहे आणि सगळ्यात मोठी अडचणही हीच. पडणं एकदा अंगात मुरलं की ते जन्मभर उपयोगी पडतं, ओल्या फरशीवरसुद्धा. पण ते मुरेपर्यंतचे महिने कष्टाचे असतात. त्या काळात घाई करणारा शिक्षक मिळाला तर तिथून उठून यावं, इतकं माझं मत स्पष्ट आहे.

जिउ-जित्सूत पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तुमच्या छातीवर बसलेलं असतं. श्वास अपुरा पडतो, कापडाच्या पकडीने बोटं ताठरतात, आणि आपल्यापेक्षा दहा-बारा किलोंनी हलका माणूस आपल्याला हलू देत नाही. फेऱ्या बहुतेक ठिकाणी गुडघ्यांवरून सुरू होतात, त्यामुळे जोरात आपटण्याचा धोका कमी असतो. गळ्यावर किंवा सांध्यावर डाव बसला की हार मानल्याची खूण म्हणून हाताने दोन-तीन थापा द्यायच्या, समोरचा सोडतो, आणि पुन्हा सुरुवात. एका संध्याकाळी दहा वेळा हरता येतं, तेही न जखमता. मोठ्या माणसांना हे हरणंच जड जातं. दिवसभर ऑफिसात ज्याचं ऐकलं जातं, त्याने संध्याकाळी विशीतल्या पोरासमोर थाप मारायची म्हणजे आधी मनातलं काहीतरी सैल व्हावं लागतं. ज्यांचं होत नाही ते थाप मारायला उशीर करतात आणि कोपर धरून घरी जातात.

बायकांनी सुरू करताना विचारात घ्यावी अशी एक गोष्ट इथेच सांगते. अनोळखी माणसाशी इतका जवळचा अंगस्पर्श प्रत्येकीला पहिल्या दिवशी चालतोच असं नाही, आणि तसं वाटण्यात गैर काही नाही. पहिले काही महिने पार्टनर स्वतः निवडू द्या, असं मी सरळ सांगितलं होतं. चांगल्या ठिकाणी यावर कुणी भुवई उंचावत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी

कराटेनंतर मांड्या, पोटऱ्या आणि खुब्याचे स्नायू दुखतात. खोल पवित्रे चुकीचे घेतले, गुडघा पावलाच्या दिशेबाहेर गेला, तर गुडघ्याची कुरकुर हळूहळू वाढत जाते. कुमितेत, म्हणजे जोडीदाराशी समोरासमोरच्या लढतीत, हातापायांवर काळेनिळे डाग येतात. शैलीप्रमाणे यात बराच फरक पडतो: शोतोकानच्या स्पर्धांमध्ये फटका आवरून मारायचा असतो, तर क्योकुशिनमध्ये अंगावर पूर्ण जोर चालतो, फक्त चेहऱ्यावर हाताने ठोसा मारायचा नसतो. "कराटे शिकतो" या एकाच वाक्यात दोन वेगळे अनुभव दडलेले असतात, म्हणून क्लासला नुसतं कराटे म्हणून जाऊ नका, शैली विचारून जा.

जुडोनंतर सगळं अंग ठोकून काढल्यासारखं होतं. खांदे, बोटं, गुडघे. फेकला जाण्यापेक्षा अर्धवट फेकला जाणं जास्त घातक असतं. पडणं नाकारून एका पायावर तग धरायला गेलं की गुडघा पिरगळतो. माझ्या दीड वर्षाचा शेवट असाच झाला. समोरच्याने खांद्यावरून डाव टाकला होता, आपल्या कुस्तीतल्या धोबीपछाडीच्या जातीचा, आणि तो निमूटपणे घेऊन पडायचं सोडून मी पाय रोवला. चूक माझीच होती, पण मोठ्या वयात ती चूक दुरुस्त व्हायला सात महिने लागले.

जिउ-जित्सूत दुखतं ते सगळीकडे थोडं थोडं: मान, बरगड्या, बोटांची पेरं. कान मॅटवर घासून सुजला आणि वेळीच डॉक्टरांना दाखवला नाही, तर त्याचा आकार कायमचा बदलतो. ज्यांना याची चिंता आहे त्यांनी पहिल्या दिवसापासून कानाचं संरक्षक वापरावं. त्वचेची काळजी हा इथला रोजचा विषय आहे. गजकर्ण एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातं, म्हणून नखं कापलेली, कपडे दर वेळी धुतलेले आणि सरावानंतर लगेच आंघोळ, यात तडजोड चालत नाही. चष्मेवाल्यांना जुडोत आणि जिउ-जित्सूत चष्मा काढावाच लागतो, पण हातभर अंतरावरची झटापट धूसर दिसली तरी चालते, कारण अर्धं काम स्पर्शावरच होतं. कराटेच्या कुमितेत समोरच्याची लाथ कुठून निघाली हे दिसावं लागतं, तेव्हा लेन्सचा विचार करावा लागेल.

क्लास बुडतो तेव्हा

याबाबतीत कराटे दोघांच्याही कितीतरी पुढे आहे, आणि मोठ्या माणसासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. त्या पाच हेआनांतली पहिली काता म्हणजे हेआन शोदान, तिच्यात २१ हालचाली. फर्निचर थोडं सरकवलं की ती खोलीतही बसते, आणि एक मिनिटही लागत नाही. घरात आजारपण होतं तेव्हा सलग दोन महिने मी क्लासला गेले नाही. रात्री सगळे झोपले की दिवाणखान्यात तीच काता करायचे, आवाज होऊ नये म्हणून लाथा कमरेखाली ठेवून. परत गेले तेव्हा दम कमी झाला होता, पण हालचाल उलट जास्त नेटकी झाली होती. एकट्याने करता येणाऱ्या सरावाची सोबत वाईट दिवसांत कळते.

जुडोला मॅट लागतं, माणूस लागतं, आणि तोही शक्यतो आपल्या वजनाच्या जवळपासचा. घरी एकट्याने पकडीची घुमव, रबरी पट्ट्यावर ओढ एवढं करता येतं, पण खरा सराव माणसावरच होतो. जिउ-जित्सूचंही तसंच. तिथे दोन आठवडे गैरहजर राहिलं की बाकीचे तेवढे पुढे गेलेले असतात आणि परतल्यावरची पहिली फेरी ते लगेच दाखवून देते. ज्यांच्या कामाच्या वेळा सतत बदलतात त्यांनी हा मुद्दा बाकी सगळ्याच्या वर ठेवावा.

पट्टे आणि वाट पाहणं

कराटेत दर काही महिन्यांनी परीक्षा असते. पुढचं पाऊल डोळ्यांसमोर असतं आणि त्याने हुरूप टिकतो. जिउ-जित्सूत मोठ्यांसाठी पाचच मुख्य पट्टे आहेत: पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. काळ्यापर्यंत दहाएक वर्षं लागणं नेहमीचंच. मधल्या वर्षांत बाहेरून काहीच बदलत नाही, आणि निळा पट्टा मिळाल्यावर सोडून देणारे मी बरेच पाहिले. तुम्हाला टप्पे लागत असतील तर हे स्वतःशी आधीच कबूल करून ठेवा. स्पर्धेची हौस असेल तर जुडो आणि जिउ-जित्सू दोन्हींत तिशीपासून वेगळे वयोगट आहेत, त्यामुळे विशीतल्या खेळाडूसमोर उभं राहावं लागत नाही.

मग कुणी काय घ्यावं

गुडघा किंवा कंबर आधीच दुखरी असेल तर मी जुडोपासून सुरुवात करायला सांगणार नाही. डोक्याला मार बसण्याची भीती मनात असेल तर जिउ-जित्सू घ्या, कारण पूर्ण ताकदीने सराव करूनही तिथे डोक्यावर ठोसे येत नाहीत. वेळेची खात्री नसेल, शिस्त आणि एकांत आवडत असेल, तर कराटे. अजून तिशीतच असाल, सांधे ठणठणीत असतील आणि हळू शिकवणारा शिक्षक जवळ असेल, तर जुडोसारखा भरघोस सराव दुसरा नाही. हवेत गेल्यावर आपलं वजन कुणीतरी अलगद उचलून नेल्याची जी जाणीव होते, ती मला बाकी दोन्हीकडे कधी मिळाली नाही. गुडघा सात महिने गेला तरी ती दीड वर्षं मला परत कुणाला द्यायची नाहीत.

आयकिदो या आणखी एका जपानी कलेबद्दलही विचारणा होते. तिथे मुख्य धारेत स्पर्धा नाही, विरोध ठरवून आणि सहकार्याने केला जातो. शांत, सुंदर सराव आहे, पण समोरचा खरोखर प्रतिकार करतोय की नाही हे तपासायची संधी कमी मिळते. ज्याला ती नकोच आहे, त्याने जरूर जावं.

कला ठरली की एकदा नुसतं बसून क्लास बघा. मोठ्या वयाचा पांढरा पट्टेवाला शोधा आणि तासभर फक्त त्याच्यावर लक्ष ठेवा. त्याला कुणाबरोबर जोडीला लावतात? तो थकून बाजूला बसला तर शिक्षक काय म्हणतात? त्याने थाप मारल्यावर समोरचा किती पटकन सोडतो? तास संपल्यावर त्याच्याशीच बोला, आणि गेल्या महिन्यात तो किती वेळा आला होता ते विचारा.