सोडतीत नाव ‘काढून देतो’ म्हणणाऱ्याला मी ३,५५,००० रुपये दिले

ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसासाठी कुणाला पैसे देणार असाल, तर दोन दिवस थांबा आणि आधी हे वाचा. सप्टेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात मी पुण्यातल्या एका एजंटला ३,५५,००० रुपये दिले. दीड लाख बाबांच्या ग्रॅच्युइटीतले, एक लाख आईच्या पाटल्या गहाण ठेवून आलेले, बाकीचे माझ्या पगारातले. एजंटचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रारीचा तपास चालू आहे. पण अशी ऑफिसं एकाच शहरात नाहीत, आणि पद्धत सगळीकडे साधारण हीच असते.

मी हॉटेल मॅनेजमेंट शिकले, पुण्यात एका बेकरीत केक-पेस्ट्रीचं काम बघते. वर्षभर बाहेर जाऊन काम करावं, चार पैसे साठवावेत, जग बघावं, एवढंच मनात होतं. हा व्हिसा त्याच कामाचा. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करारामुळे तो आपल्यासाठी खुला झाला. वर्षाला १,००० जागा. वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी (आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सरासरी ४.५ पुरतात) आणि खर्चासाठी साधारण ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर. व्हिसा मिळाला की बारा महिने राहता येतं, फिरता येतं, काम करता येतं. मात्र अर्ज करण्याआधी सोडतीत नाव लागावं लागतं. आपली पहिली सोडत १ ऑक्टोबर २०२४ ला उघडली आणि महिनाभर चालली. पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४०,००० जणांनी नोंदणी केल्याचं तिकडच्या सरकारनेच सांगितलं होतं. नोंदणीची फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण चौदाशे रुपये. एका माणसाची एकच नोंदणी. नावं संगणक काढतो.

हे सगळं ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या साइटवर लिहिलेलं होतं. मी ते उघडूनही बघितलं नाही, कारण समोर बसलेला माणूस मराठीत, शांतपणे, न कंटाळता समजावून सांगत होता. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, “ताई, जन्मतारीख काय?” मार्च महिना ऐकल्यावर म्हणाला, “म्हणजे मार्चमध्ये तुम्हाला एकतिसावं पूर्ण. ही एकच संधी आहे तुमच्याकडे.” हे खरं होतं. त्या एका खऱ्या गोष्टीच्या आधारावर त्याने पुढचं सगळं माझ्या गळी उतरवलं.

त्याचं म्हणणं असं, की साधी नोंदणी केली तर नाव लागणं कठीण, पण त्यांच्याकडून ‘कॉर्पोरेट कोट्यात’ नोंदणी होते आणि त्यात नाव पक्कं. असा कुठलाही कोटा नाही. पण त्याने त्याच्याच एका गिऱ्हाइकाशी, सांगलीकडच्या एका मुलाशी, व्हिडिओ कॉल लावून दिला. नंतर, डिसेंबरात, त्या मुलाचं नाव खरंच लागलं. त्याचा मेल, त्याचा आनंद, सगळं खरं होतं. माझा उरलासुरला संशय तिथे संपला.

बाबांचा मात्र गेला नव्हता. ते एसटीत कंडक्टर होते. म्हाडाच्या घरासाठी दोनदा अर्ज केलेला, दोन्ही वेळा नाव लागलं नाही. त्यांनी मला विचारलं, “म्हाडासारखीच सोडत ना ही? तिथे पण दलाल फिरतात घर काढून देतो म्हणत. म्हाडावाले ओरडून सांगतात, आमचा कुणी एजंट नाही. मग हा कसं काय नाव काढणार?” मी चिडून म्हणाले, “बाबा, हे इंटरनॅशनल आहे, तुम्हाला नाही कळायचं.” हे लिहिताना आजही घशाशी येतं. सगळ्या प्रकरणात योग्य प्रश्न फक्त त्यांनी विचारला होता.

आता पैसे कसे काढले ते सांगते. पहिले २५,००० रुपये नोंदणीचे. मी विचारलं होतं की फी पंचवीसच ना? तो म्हणाला, हो, पंचवीस. मी हजार समजले. नोंदणीसाठी पासपोर्ट आणि पॅन कार्ड लागतं, ते त्याने मागितलं, तिथे काही चुकीचं नव्हतं. पण त्याने माझ्या नावाचा नवीन जीमेल काढला. ओटीपी माझ्या फोनवर आला, तो मी त्याला वाचून दाखवला. पासवर्ड त्याच्याकडे राहिला. “तुमच्या नेहमीच्या मेलमध्ये गर्दी असते ताई, महत्त्वाचं पत्र चुकेल.” कृपा करून हे लक्षात ठेवा: नोंदणी तुमच्याच मेलवर, तुमच्याच हाताने करा. सोडतीचा निकाल मेलवर येतो. मेल ज्याच्या ताब्यात, निकाल त्याच्या ताब्यात.

जानेवारीत व्हॉट्सअॅपवर एक पीडीएफ आली, अभिनंदन, तुमची निवड झाली. व्हिसा अर्जाचे म्हणून १,४०,००० मागितले. खरी अर्जाची फी तेव्हा साडेसहाशे डॉलरच्या आसपास होती, म्हणजे साधारण पस्तीस हजार रुपये. फेब्रुवारीत नोकरीचं करारपत्र, त्याचे १,६०,०००. मिल्डुराजवळच्या एका द्राक्षमळ्यावर दोन वर्षांची नोकरी. दोन वर्षं वाचून मी आईला मिठी मारली. पण मुळात हा व्हिसा १२ महिन्यांचा, एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि अर्जासाठी आधी नोकरी हातात असण्याची अटच नाही. ते करारपत्र एवढ्यावरूनच खोटं ठरत होतं. पण माझ्याकडे नियम नव्हते, फक्त त्याचा शब्द होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात व्हिसा मंजुरीचं पत्र आलं. त्यानंतर राहण्याच्या जागेची अनामत म्हणून ३०,००० रुपये. शिक्का मारायला म्हणून माझा मूळ पासपोर्टही ठेवून घेतला. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा इलेक्ट्रॉनिक असतो, पासपोर्टवर काहीही चिकटवत नाहीत. मी गडबड करू नये म्हणूनच तो पासपोर्ट त्याने स्वतःकडे ठेवला होता.

माझी शाळेतली मैत्रीण मेलबर्नला असते. कुठे उतरायचं हे विचारायला मी तिला फोन केला. ती खूश झाली, पण लगेच म्हणाली, “व्हीईव्हीओवर बघितलंस?” व्हीईव्हीओ ही तिकडच्या गृहखात्याची ऑनलाइन सोय आहे. मंजुरीपत्रावरचा क्रमांक, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि देश टाकला की व्हिसा खरा आहे का, कुठल्या अटींवर आहे, ते दिसतं. फुकट आहे. आम्ही तीन वेळा माहिती भरली. मी क्रमांक मोठ्याने वाचत होते, ती तिकडे टाइप करत होती. तिन्ही वेळा तपशील सापडला नाही.

त्या रात्री एकच्या सुमाराला मला सुचलं की तो जीमेल माझ्या फोन नंबरवर काढलेला आहे. मी पासवर्ड बदलून आत शिरले. इनबॉक्समध्ये एकच मेल होता, सप्टेंबरचा, गूगलचा, नवीन खात्यात स्वागत करणारा. स्पॅममध्ये काही नाही, पाठवलेल्यात काही नाही. गृहखात्याकडून नोंदणीची पोच नाही, पैसे भरल्याची पावती नाही. माझं नाव सोडतीत लागलं नव्हतं असं नाही, ते सोडतीत टाकलंच नव्हतं. चाळीस हजारांवर लोकांत माझा नंबर लागलाच असता असं मी म्हणत नाही. पण आयुष्यात एकदा मिळणारी ती संधी माझी होती आणि चौदाशे रुपयांत मला ती स्वतः घेता आली असती. तोवर एकतिसावं पूर्ण होऊन आठवडा झाला होता.

सकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते. माझ्या शेवटच्या हप्त्यातले ११,००० रुपये असे अडवले गेले, बाकीचे कधीच काढून झाले होते. पोलीस ठाण्यात साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, “परदेशी नोकरी देतो म्हणाला ना, मग लायसन्स नंबर?” आपल्याकडे परदेशात नोकरीला पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परवाना लागतो, तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दोन मिनिटांत तपासता येतो. परवानाधारकालाही ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. माझ्या हातात होत्या त्या कच्च्या पावत्या, त्यावर ‘मार्गदर्शन शुल्क’ एवढंच लिहिलेलं. त्याही जपून ठेवा, गुन्हा नोंदवताना त्यांचाच आधार झाला. ऑफिसला तोपर्यंत कुलूप लागलं होतं. पासपोर्ट मात्र पोलिसांचा फोन गेल्यावर चार दिवसांत कुरिअरने घरी आला, पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता नव्हता.

लाज वाटून गप्प बसलेले माझ्यासारखे अजून आहेत. मला आतापर्यंत सहा जण भेटलेत. त्यातल्या दोघांनी घरी अजून सांगितलेलं नाही. त्यांना मी एवढंच म्हणते, चला, मी येते ठाण्यात तुमच्याबरोबर.

सांगलीकडच्या त्या मुलाचं कोडं मला सुटत नव्हतं. त्याचं नाव खरंच कसं लागलं? मग मी त्यालाच फोन केला. तो आता क्वीन्सलंडमध्ये केळीच्या बागेत काम करतो. त्याची नोंदणी एजंटने खरोखर केली होती. बहुधा सुरुवातीच्या काही जणांची करत असावा, म्हणजे त्यातल्या एखाद्याचं नाव लागलं की तो दाखवायला मिळतो. नाव लागल्यावर त्या मुलाने ‘नाव काढून दिल्याबद्दल’ अडीच लाख मोजले होते, कर्ज काढून. मी त्याला सोडत कशी चालते ते सांगितलं. पंचवीस डॉलर, एक नोंदणी, संगणक. तो बराच वेळ काही बोलला नाही. मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता.

“म्हणजे माझं नाव असंच लागलं होतं?” त्याने विचारलं.

मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याने त्याच्या पावत्यांचे फोटो पाठवले. ते माझ्या तक्रारीला जोडले आहेत.