नावापुढचे तारे की गोलातली बैठक? प्राथमिक शाळेनं काय निवडावं

वर्गातल्या भांडणांचं काय करायचं हे ठरवायला शिक्षक बसले की दोन वाटा समोर येतात. पहिली सगळ्यांच्या परिचयाची: भिंतीवर नावांचा तक्ता, चांगलं वागलं की तारा, चुकलं की शिक्षा. दुसरी नातं सांधण्याची. गोलात बसायचं आणि काय झालं, त्रास कोणाला झाला, तो भरून कसा काढायचा, हे मुलांकडूनच काढून घ्यायचं. मी दोन्ही करून पाहिलं आहे आणि माझा कौल दुसऱ्या वाटेला आहे. पण ती फुकट मिळत नाही, हे आधीच सांगते.

तिसरीचा एक प्रसंग सांगते. एका मुलानं शेजारच्या मुलीचं चित्र फाडलं. तक्त्याप्रमाणे निकाल दोन मिनिटांत लागला असता: त्याचा तारा गेला, मधली सुट्टी बंद. मुलीच्या हातात मात्र फाटलेलं चित्र तसंच राहिलं असतं. ज्याचं नुकसान झालं त्याला तक्त्यात जागाच नसते, आणि मला ही त्याची सगळ्यात मोठी उणीव वाटते.

आम्ही तिघं खाली बसलो. काय झालं? तेव्हा मनात काय आलं? त्रास कोणाला झाला? आता काय केलं तर बरं वाटेल? ‘का केलंस?’ हे मुद्दाम विचारलं नाही. आठ वर्षांच्या मुलाला त्याचं उत्तर बहुधा माहीत नसतं. मग तो मान तरी खाली घालतो, नाहीतर सुचेल ते कारण पुढे करतो. बऱ्याच वेळानं कळलं की तो अडखळत बोलतो आणि मुलीनं सगळ्यांदेखत त्याची नक्कल केली होती. त्यानं चिकटपट्टी आणून चित्र जोडलं, वाकडंतिकडं. तिच्याकडे त्यानं एकच मागितलं: ‘माझं बोलून होईपर्यंत थांबायचं.’ तक्त्यानं हे कधीच वर आणलं नसतं.

याला पंचवीस मिनिटं लागली. तोवर उरलेला वर्ग कोण सांभाळणार? खरी अडचण इथे आहे. शेजारच्या वर्गावरच्या बाईंनी तेवढा वेळ लक्ष ठेवलं म्हणून जमलं.

ही कल्पना शाळेत जन्मलेली नाही. कॅनडातल्या एल्मायरा गावात 1974 मध्ये नासधूस करणाऱ्या दोन तरुणांना ज्यांचं नुकसान केलं त्यांच्या दारी नेण्यात आलं आणि भरपाई त्यांच्याशी बोलून ठरवली गेली. शाळांमध्ये ती कितपत लागू पडते, याचा एक चांगला पुरावा अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा आहे. तिथल्या 44 शाळांपैकी निम्म्यांत, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून, 2015 ते 2017 या दोन शैक्षणिक वर्षांत ही पद्धत राबवली. मुलांना काही दिवस शाळेबाहेर ठेवण्याचं प्रमाण घटलं, तेही प्राथमिक वर्गांत. सहावी ते आठवीत तशी घट दिसली नाही, उलट अभ्यासातली कामगिरी घसरली. वातावरण सुधारलं असं शिक्षक म्हणाले. मुलांच्या उत्तरांत तसं दिसलं नाही. लहान वयात सुरुवात करावी या माझ्या मताला त्यातून बळ मिळतं. पण गोल धरला की गुणही वाढतील, असं पालकांना सांगू नका.

समावेशाचं म्हणाल, तर गोल आपोआप सर्वांचा होत नाही. चुरुचुरु बोलणारी मुलं तो सहज ताब्यात घेतात. ज्याला बोलता येत नाही त्याला चित्रकार्डं द्यावीत, ‘आज नाही’ म्हणायची मुभा द्यावी, प्रश्न आदल्या दिवशीच दाखवून ठेवावेत. गोंगाट सहन न होणाऱ्याला दाराजवळची जागा. तयारी नसेल, तर ज्या मुलासाठी हे सगळं करायचं तेच परिघाबाहेर राहतं. आणि एखादा सतत कोणाला छळत असेल, तर दोघांना लगेच समोरासमोर बसवूच नये. आधी छळ थांबवायचा, मग दोघांशी वेगवेगळं बोलायचं. पाठ करून घेतलेलं ‘सॉरी’ कोणाच्याच कामाचं नसतं.

नियम तरीही लागतात. दगड भिरकावणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवायचं असतं, तेव्हा प्रश्न विचारत बसत नाहीत. बदली शिक्षकालाही दोन-चार ठाम नियमांचा आधार हवा. भिंतीवरची नावं आणि तारे मात्र मी काढून टाकीन: खाली राहणारी नावं बहुतेक वेळा तीच असतात आणि ती अख्ख्या वर्गाला पाठ होतात.

हाताशी वेळ थोडा असेल, तर भांडणानंतरच्या बैठका मागे ठेवा आणि रोज सकाळची दहा मिनिटं घ्या, भांडण नसतानाची. भांडण झालं की मगच गोल भरत असेल, तर मुलं त्यालाही शिक्षाच समजतात. मनापासून तयार असलेल्या एका शिक्षकाच्या एकाच वर्गापासून सुरू करा. सत्र संपताना हजेरीपट काढा आणि गोलात अजून एकदाही आपलं काही सांगितलेलं नाही अशा प्रत्येक नावापुढे खूण करा. पुढच्या सत्राची आखणी त्या मुलांपासून करा.