टायगर मॉथ: काही महिने उडवल्यानंतर

आम्ही काही जण मिळून एक टायगर मॉथ, म्हणजे वर-खाली पंखांच्या दोन जोड्या असलेलं जुनं दोन आसनी प्रशिक्षण विमान, सांभाळतो. गेले काही महिने ते नियमित उडवतोय, त्यावरून हे लिहितोय.

हे विमान घ्यायचं असेल, तर रंगरंगोटीआधी लॉगबुकं, म्हणजे विमानाच्या नोंदवह्या, बघा. आमच्या विमानाने महायुद्धात शिकाऊ वैमानिक तयार केले, मग ते फ्लाइंग क्लबात गेलं, नंतर बरीच वर्षं ग्लायडर ओढत राहिलं. शेपटीकडे टो-हुकसाठी (ग्लायडरचा दोर अडकवायच्या आकड्यासाठी) दिलेला जादा आधार अजून जागेवर आहे. अशी आठ हजारांहून जास्त विमानं बनली आणि युद्धानंतर फालतू साठा म्हणून विकली गेली. न्यूझीलंडमध्ये तर पुढच्या कॉकपिटमध्ये टाकी बसवून त्यांनी डोंगरउतारांवर खत टाकलं.

पण पहिलं काम शिकवण्याचं, आणि ते रोज जाणवतं. पुढे बसलेल्या प्रशिक्षकाला पॅराशूटसह बाहेर पडता यावं म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला आणि तोल राखायला पंख मागे झुकवले. एकट्याने उडवताना मागेच बसावं लागतं.

स्टार्टर नाही. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ठिबकेपर्यंत प्राइम करायचं, म्हणजे इंजिनाला आधी पेट्रोल पाजायचं, स्विच बंद ठेवून प्रोपेलर हाताने फिरवायचा, मग ‘कॉन्टॅक्ट’ म्हणून स्विच चालू करायचे आणि पंखा मारायचा. मॅग्नेटोचे (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राचे) स्विच कॉकपिटच्या बाहेरच्या अंगाला आहेत, म्हणजे पंखा मारणाऱ्याला ते दिसतात. ही सोय मला फार आवडते. त्याचा हात जाण्याचा प्रश्न असतो.

१३० अश्वशक्तीचं जिप्सी मेजर इंजिन उलटं बसवलेलं, सिलिंडर खाली. तेल खातं आणि गळतंही, तेव्हा दर उड्डाणाआधी तेल बघायचंच. एलेरॉन (विमान कलवणाऱ्या, पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्या) फक्त खालच्या पंखांना, त्यामुळे नुसती स्टिक वाकवली की नाक उलट्या दिशेला सरकतं. पायाने रडर (शेपटीचं सुकाणू) दिल्याशिवाय वळण नीट बसत नाही. नव्या विमानांवर सुस्तावलेले पाय इथे आठवड्याभरात जागे होतात. ब्रेक नाहीत, मागे चाकाऐवजी स्किड, म्हणजे जमिनीवर घासत जाणारी पट्टी. गवताची धावपट्टी हवी, आणि आडवा वारा असला की आम्ही ते हँगरमधून काढतच नाही.

लांबच्या प्रवासाला हे घेऊ नका: वेग ताशी १४५ किलोमीटरच्या आसपास, टाकी सुमारे ८५ लिटरची. शिवाय शेडमध्ये वर्षानुवर्षं चकाचक ठेवलेल्या मॉथपेक्षा दर आठवड्याला उडणारं, कापडाला ठिगळं असलेलं मॉथ मी डोळे झाकून घेईन. न चालवता पडून राहिलेल्या इंजिनाला आतून गंज धरतो, आणि लाकडी पंखात शिरलेली ओल कापड उतरवल्याशिवाय कळत नाही.