दत्तक कुत्रा घरी येतोय: पहिल्या दिवसापासून सगळं घर मोकळं, की आधी एकच खोली?

कुत्रा घरी यायच्या आदल्या दिवशी बऱ्याच घरांत हा वाद होतो. एक जण म्हणतं, "बिचारा इतके महिने पिंजऱ्यात होता, आता तरी घरभर हुंदडू दे." दुसरं कुणी म्हणतं, "आधी एका खोलीत ठेवू, हळूहळू रुळेल." दोन्हीमागे माया असते, म्हणून ठरवणं जड जातं.

आम्ही दोन्ही करून पाहिलंय. तांबीला पहिल्या दिवसापासून सगळं घर मोकळं होतं. भुऱ्याला पहिले दहा दिवस एक खोली होती. दोघंही शेल्टरमधून आलेले, दोघंही मोठ्या वयाचे. माझं मत आधीच सांगून टाकते: बहुतेक कुत्र्यांना सुरुवातीला एक खोलीच बरी. पण त्या खोलीत त्याला एकटं टाकायचं नाही, आणि रात्री तर नाहीच. काही कुत्र्यांना मात्र मोकळं घरच मानवतं, त्यांच्याबद्दलही पुढे लिहिलंय.

मोकळं घर: आम्ही काय पाहिलं

तांबी संध्याकाळी आली. आम्ही सगळे दाराशीच उभे होतो. ती आत शिरली आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत राहिली. नाक भिंतीच्या कडेला, जीभ बाहेर, थांबायचं नाव नाही. "बघ, किती खूश झालीये!" असं आम्ही एकमेकांना सांगत होतो.

ती खूश नव्हती. आज ते व्हिडिओ पाहिले की मला तिचे मागे चिकटलेले कान दिसतात, ताणलेले ओठ दिसतात, आणि गरम होत नसतानाही चाललेली ती धाप दिसते. मुलगा जवळ गेला की ती मान फिरवून ओठ चाटायची. जांभया द्यायची. "मला थोडी जागा द्या" हे सांगायची कुत्र्यांची ही रीत, पण तेव्हा आम्हाला ती वाचता येत नव्हती. रात्री ती वॉशिंग मशीनच्या मागच्या फटीत अंग चोरून बसली आणि दीड दिवस तिथून निघाली नाही. धाकट्याने प्रेमाने आत हात घातला तेव्हा ती गुरगुरली. तो रडला, आम्ही घाबरलो, आणि "हिला परत द्यावं लागणार का?" हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी आमच्या घरात विचारला गेला. ते आठवलं की अजून वाईट वाटतं, कारण त्यात तिची काहीच चूक नव्हती.

मोकळ्या घराची अडचण जागेत नाही, कानोशात आहे. आपल्याला घर म्हणजे चार खोल्या. नव्या कुत्र्याला ते चार खोल्यांचे वास, फ्लशचा आवाज, दाराची बेल, मिक्सर, वरच्या मजल्यावरचं धाडधाड, आणि कुठूनही कुणीही येऊ शकेल अशी पाच-सहा दारं. तो प्रत्येक आवाजावर उठतो. मोठा कुत्रा एरवी दिवसाचे १२ ते १४ तास झोपतो, आणि ही झोप मोडली की तो चिडका होतो, दचकतो, शिकणं तर दूरच राहतं. शेल्टरमध्ये नव्याने आलेल्या कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल (ताण आला की वाढणारं संप्रेरक) पहिल्या तीन दिवसांत, तिथे जास्त दिवस राहिलेल्यांच्या तुलनेत, चढलेलं असतं असं अमेरिकेतल्या एका अभ्यासात १९९७ साली दिसलं होतं. आपल्या घरी येणं हेही कुत्र्याच्या लेखी आणखी एक स्थलांतरच. हे घर कायमचं आहे हे त्याला कोण सांगणार?

एक खोली: कशी, आणि कशी नाही

एक खोली म्हणजे कोंडून ठेवणं नव्हे. भुऱ्याच्या वेळी आम्ही अभ्यासाची खोली निवडली. तिच्यातून कुणाला ये-जा करावी लागत नव्हती. भिंतीला लागून अंथरूण, पाण्याचं भांडं, आणि टेबलावरून जमिनीपर्यंत सोडलेली एक चादर, म्हणजे लपावंसं वाटलं तर लपता येईल. दाराला लहान मुलांसाठी लावतात तसं जाळीचं फाटक. त्यातून घर दिसतं, ऐकू येतं, पण अंगावर येत नाही.

आणि आत कुणीतरी माणूस. हे सगळ्यात महत्त्वाचं. आम्ही पाळीपाळीने नुसतं जमिनीवर बसायचो, त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून. बोलवायचं नाही, हात पुढे करायचा नाही, डोळ्यांत बघायचं नाही. दोन-तीन खाऊचे तुकडे बाजूला टाकून ठेवायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी मी वाचत बसले होते. चादर हलली. आधी नाक आलं, मग अर्धं तोंड, मग बराच वेळ काहीच नाही. मग माझ्या घोट्यावर काहीतरी जड आणि ऊबदार टेकलं. त्याची हनुवटी होती. पायाला मुंग्या आल्या तरी मी हलले नाही. थोड्या वेळाने त्याने एक लांब उसासा सोडला आणि तिथेच झोपला.

हंगेरीतल्या संशोधकांनी २००१ साली दाखवलं की शेल्टरमधल्या मोठ्या कुत्र्यांना एखाद्या अनोळखी माणसाचा दहा-दहा मिनिटांचा सहवास फक्त तीनदा मिळाला, तरी त्या माणसाशी नातं जुळू लागल्याच्या खुणा दिसतात. मला यातून दोन गोष्टी कळल्या. माणूस लवकर आपला होतो, म्हणून महागड्या अंथरुणापेक्षा त्या शांत बसण्याला मोल जास्त. आणि कुत्रा सुरुवातीला घरातल्या एकालाच चिकटला तर बाकीच्यांनी हिरमुसू नये. जेवण घालायचं, फिरवायचं काम वाटून घ्या, बाकीचेही त्याचे होतात.

माणूस दिवसांत आपला होतो, घराला मात्र आठवडे लागतात. म्हणून दहा दिवसांनी आम्ही एकेक दार उघडलं: आधी पॅसेज, मग बैठकीची खोली, स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी. नव्या खोलीत बुजला तर तो स्वतःच मागे वळून आपल्या खोलीत जायचा. तांबीला माघारी जायला असं ठिकाणच नव्हतं.

शू-शी, झोप, एकटं राहणं

शू-शीच्या बाबतीत एक खोली सरळसरळ जिंकते. नजर राहते. उठल्यावर, जेवल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर, तेही रोज त्याच जागी, आणि तिथे केल्याबरोबर खाऊ. मोकळ्या घरात सोफ्यामागचा डाग दुसऱ्या दिवशी सापडतो, तोवर ती जागा ठरलेली असते. डाग पुसायला एन्झाइमचा क्लीनर वापरा. अमोनिया असलेला नको, कारण त्याचा वास लघवीसारखाच. ओरडू नका, नाक तर अजिबात घासू नका. त्याने कुत्रा एवढंच शिकतो की माणसासमोर करायचं नाही, आणि मग तो बाहेरही तुमच्यासमोर करत नाही.

रात्रीचं उलटं आहे. दिवसाची खोली लांब असेल तर रात्री त्याचं अंथरूण तुमच्या खोलीत आणा, नाहीतर तुम्ही तिकडे झोपा. "पहिल्याच रात्री लाड केले तर सवय लागेल" हे मी खूप ऐकलंय आणि मला ते पटत नाही. अनोळखी घरात, अंधारात, एकट्याने कुईकुई करत काढलेल्या रात्रीतून कुत्रा स्वावलंबी होत नाही. महिन्याभरात अंथरूण रोज थोडंथोडं दाराकडे सरकवत हव्या त्या जागी नेता येतं. आपल्या पलंगावर घेण्याची मात्र घाई नको. झोपेत धक्का लागला की काही कुत्री दचकून तोंड टाकतात, आणि आपला कुत्रा तसा आहे का हे पहिल्या आठवड्यात कळत नाही.

एकटं राहण्याबद्दल दोन टोकं दिसतात. कुणी दोन आठवडे रजा घेऊन अष्टौप्रहर चिकटून राहतं आणि तिसऱ्या सोमवारी नऊ तास गायब होतं. कुणी दुसऱ्याच दिवशी कुलूप लावून निघतं, "शिकेल आपोआप." मधला रस्ता बरा: रजा घ्या, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून फाटकाबाहेर काही सेकंद, मग मिनिट, मग पाच मिनिटं जाऊन या. खोली असली की हा सराव सहज होतो, मोकळ्या घरात तो तुमच्या मागेमागेच फिरतो. बाहेर पडताना जुना फोन कॅमेरा म्हणून लावून ठेवा. एकटेपणाची धास्ती असेल तर बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसते: लाळ, धाप, दार ओरबाडणं, सतत केकाटणं. असं दिसलं तर रडू देऊन फायदा नाही, वेळ पुन्हा कमी करा आणि डॉक्टरांशी बोला.

मुलं आणि आधीचा कुत्रा

लहान मुलं घरात असतील तर मी वादच घालणार नाही: फाटक लावा. मुलांना होणाऱ्या चाव्यांतले बरेचसे ओळखीच्या कुत्र्याकडून, घरातच होतात, आणि ते बहुतेकदा जेवताना, झोपेत किंवा कोपऱ्यात सापडल्यावर. आमच्या मुलांना एक नियम होता: भुऱ्या आपल्याकडे आला तर हात लावायचा, आपण त्याच्याकडे जायचं नाही. तीन सेकंद खाजवायचं आणि थांबायचं. तो पुन्हा नाक लावतो का बघायचं. लावलं तर आणखी, नाही तर पुरे. धाकट्याला हा खेळच वाटायचा.

कुत्रा गुरगुरला तर त्याला रागावू नका. गुरगुर ही सूचना आहे. ती दाबली की पुढच्या वेळी सूचनेशिवाय दात लागतात. त्याच्या भांड्यात हात घालून "सवय" लावायलाही जाऊ नका. जाताजाता भांड्यात काहीतरी चविष्ट टाकून पुढे निघा, म्हणजे माणूस जवळ येणं त्याला नकोसं वाटणार नाही.

घरात आधीचा कुत्रा असेल तर स्वतंत्र खोलीला आणखी एक कारण आहे. पार्व्होसारख्या विषाणूमुळे होणाऱ्या, जीवघेण्या आजाराची लक्षणं लागण झाल्यावर काही दिवसांनी दिसतात आणि तो विषाणू जमिनीवर, भांड्यांवर महिनोन्महिने टिकतो. साधारण दोन आठवडे वेगळं ठेवणं आणि डॉक्टरांची तपासणी, मगच भेट. भेट घराबाहेर, दोघांपैकी कुणाचीच नसलेल्या जागी, समांतर चालत. नवीन कुत्र्याला उलट्या किंवा रक्ताचे जुलाब झाले, तर मात्र "नवीन जागा आहे म्हणून असेल" असं म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर. पिल्लू असेल तर तासांचा प्रश्न असतो.

दाराबाहेर

मोकळ्या घराचा सर्वांत मोठा धोका मुख्य दाराशी असतो. नवा कुत्रा पहिल्या दिवसांत बिथरला तर पळतो, आणि त्याला परतीची वाट माहीत नसते. तुमच्या हाकेला तो अजून ओळखत नाही. खोलीचं फाटक आणि घराचं दार अशी दोन दारं मध्ये असली की कुरिअरवाल्यासाठी दार उघडताना छातीत धस्स होत नाही. बाहेर नेताना साधी कॉलर भरवशाची नाही. घाबरलेला कुत्रा मागे सरकला की ती डोक्यावरून निसटते. नीट बसलेला हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि कॉलर, दोन्हीला जोडलेले पट्टे, असं आम्ही दोन महिने केलं. कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीसाठी मायक्रोचिप बसवलेली असेल, तर तिचा १५ आकडी नंबर आता तुमच्या नावावर नोंदला आहे का, तेही पहिल्याच आठवड्यात बघून घ्या. शेल्टरचाच फोन नंबर नोंदलेला राहणं ही नेहमीची चूक.

मग मोकळं घर कुणाला?

जो कुत्रा आधी कुणाच्या घरात राहिला आहे, आल्याबरोबर जेवतो, आडवा पडून पाय पसरून झोपतो, आवाजाला कान टवकारून पुन्हा मान टाकतो, त्याला दहा दिवस अडवून ठेवायचं कारण नाही. दोन-तीन दिवस पुरे. आणि जो कुत्रा बंद दार किंवा फाटक दिसताच लाळ गाळतो, जाळीला दात लावतो, त्याच्यावर एका खोलीचा आग्रह धरू नका. कोंडलेपणाची भीती मनात घेऊन आलेली कुत्री असतात. अशाला मुख्य दार पक्कं बंद करून बाकीचं मोकळं ठेवा, पण एक शांत कोपरा त्याचा म्हणून राखा, जिथे कुणीही त्याला हात लावणार नाही. क्रेटचंही, म्हणजे कुत्र्याला झोपायला ठेवतात त्या पिंजऱ्याचंही, तेच: उघड्या दाराने स्वतःहून जात असेल तर उत्तम, नाहीतर विसरून जा. घरच एका खोलीचं असेल तर कोपरा आणि चादर एवढ्यावरही भागतं.

'तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने' हा अंदाज तुमच्या कानावर येईल. त्यामागे पक्कं मोजमाप नाही, पण घाई आवरायला उपयोगी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात शांत कुत्रा अचानक भुंकायला लागतो, चप्पल पळवतो, आणि घरचे म्हणतात, "बिघडला." माझ्या मते तो तेव्हा कुठे मोकळा व्हायला लागलेला असतो.

तांबीचं पुढे काय झालं तेही सांगते. पाचव्या दिवशी आम्ही चूक कबूल केली, अभ्यासाच्या खोलीत तिला चादरीचा आडोसा केला आणि फाटक लावलं. ती त्याखाली शिरली, तीनदा गोल फिरली आणि दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत झोपली. मध्ये एकदाच पाण्यासाठी उठली.

तुमचं अजून ठरत नसेल तर पहिल्या संध्याकाळी खोली तयार ठेवा, तिचं दार उघडं सोडा, बाकी घरात शांतता ठेवा आणि तासभर नुसतं बघा. तो घराच्या मधोमध अंग टाकून झोपला तर फाटक काढून ठेवा. येरझाऱ्या घालत राहिला किंवा फटी शोधू लागला, तर त्याला हळूच त्या खोलीत न्या आणि तुम्हीही आत जाऊन बसा.