डिस्क ‘मेली’ म्हणून १४ हजार घेतले, डिस्क ठणठणीत निघाली

मी नाशिकला इंदिरानगरात घरूनच लग्नांचे व्हिडिओ एडिट करून देतो. लग्नसराईत तीन-तीन कॅमेरामनचं फुटेज एकदम येऊन पडतं. लॅपटॉपला यूएसबीचे पोर्ट दोनच, त्यातला एक माउसने अडवलेला. म्हणून एम. जी. रोडवरच्या एका दुकानातून सात पोर्टचा हब, म्हणजे एका पोर्टचे सात करून देणारी डबी, घेतला. ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे, तेव्हा दुकानाचं नाव इथे देत नाही.

घेताना मी स्पष्ट विचारलं होतं, दोन पोर्टेबल हार्डडिस्क एकदम चालतील ना? “दादा, बिनधास्त न्या. पॉवर्ड हब आहे, थ्री पॉइंट झीरो.” म्हणजे यूएसबीची टू पॉइंट झीरोच्या पुढची, जास्त वेगाची आवृत्ती. हबवर प्रत्येक पोर्टशेजारी एक बटण होतं, दाबलं की निळा दिवा लागायचा. एकेक बटण दाबून दाखवत तो म्हणाला, “बघा, प्रत्येकाला स्वतंत्र पॉवर.” पॉवर्ड म्हणजे स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा, पण खोक्यात अडॅप्टर नव्हता. १,४५० रुपये दिले. बिल मागितल्यावर पॅडवरची चिठ्ठी फाडून दिली.

घरी एक डिस्क लावली, छान चालली. दुसरी लावली की पहिली गायब. कॉपी अर्ध्यावर थांबायची, डिस्कमधून टक्... टक्... असा आवाज यायचा, पुन्हा सगळं शांत. एकदा तर विंडोजने ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ असं विचारलं. त्या डिस्कवर दोन लग्नांचं न दिलेलं फुटेज होतं आणि २०१५ च्या सिंहस्थातलं माझं रामकुंडावरचं सगळं शूटिंग. काळजाचं पाणी झालं.

त्याच दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराने डिस्क घेतली आणि एका लांबलचक एक्स्टेंशन केबलला लावली. त्या केबलवर तसलाच हब होता, आणि हबवर आधीच प्रिंटर, स्कॅनर आणि चार्जिंगला लावलेला मोबाईल. डिस्क टक्-टक् करायला लागली. मालकाने ती उचलून माझ्या कानाशी धरली. “ऐकलं ना? हेड गेलं, तबकडीवरचा डेटा वाचणारा भाग. मुंबईला लॅबमध्ये पाठवावी लागेल, तिथे हेड बदलून डेटा काढतात. १४ हजार होतील. डेटा मिळाला नाही तर एक रुपया नको.” शिवाय डेटा भरून द्यायला नवी डिस्क, तीही त्याच्याकडूनच. ज्याच्या दारात दोन नवऱ्यांचे बाप उभे आहेत, त्याने घासाघीस काय करायची?

आठवड्याभरात डेटा मिळाला. एकूण एक फोल्डर जागच्या जागी, नावं तीच, तारखा त्याच. जुनी डिस्क मी परत मागितली. लोकांच्या घरची लग्नं आहेत त्यात, ती दुकानात का ठेवू? तर मालक म्हणाला, “भंगार आहे हो, काय करणार? ठेवा इथेच, नव्या डिस्कवर पाचशे कमी करतो.” मी हट्टाने घेऊन आलो, आणि पुढचं सगळं त्यामुळेच कळलं.

माझा भाचा अंबडच्या एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत आहे. रविवारी जेवायला आला होता. त्याने ती ‘मेलेली’ डिस्क घेतली, माउस काढला आणि थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावली. डिस्क फिरली, उघडली, सगळ्या फायली जशाच्या तशा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून तब्येत पाहिली, तर ‘गुड’, एकही खराब सेक्टर नाही. हेड बदलायला डिस्क खोलावी लागते. आमच्या डिस्कचं प्लास्टिकचं कवच काढून बघितलं, आतलं कंपनीचं सील शाबूत.

मग त्याने हबचा प्लग माझ्यासमोर धरला. “मामा, आत बघ. थ्री पॉइंट झीरोच्या प्लगमध्ये पुढे चार पट्ट्या आणि त्यांच्यामागे आणखी पाच बारीक पिना असतात. इथे मोज.” चारच होत्या. प्लास्टिक तेवढं निळं. माल टू पॉइंट झीरोचा.

विजेचा हिशोब त्याने जेवता जेवता सांगितला. टू पॉइंट झीरोच्या पोर्टने नियमाप्रमाणे ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर द्यायचे, थ्री पॉइंट झीरोच्या पोर्टने ९००. अडीच इंची पोर्टेबल डिस्क सुरू होताना, तबकडी फिरायला लागते त्या क्षणी, साधारण एक अँपिअरपर्यंत मागते. नंतर निम्म्यावर येते. बरेच लॅपटॉप नियमापेक्षा थोडं जास्त देतात, म्हणून एकटी डिस्क निभावते. बिनअडॅप्टरचा हब मात्र स्वतः काहीच कमवत नाही, लॅपटॉपच्या एका पगारात सात तोंडं जेवू घालतो. टू पॉइंट झीरोच्या नियमात तर असा हब जास्तीत जास्त चार पोर्टचा असू शकतो, आणि प्रत्येक पोर्टला वाटा १०० मिलिअँपिअर. सात पोर्टचा हब अडॅप्टरशिवाय मुळात बसतच नाही त्यात. ती निळी बटणं? पोर्ट चालू-बंद करतात, बाकी काही नाही.

वीज कमी पडली की डिस्कची मोटर वेग धरत नाही, हेड मागे जातं, पुन्हा प्रयत्न करतं. तोच तो टक्-टक्. हेड खरंच गेलं तरी असाच आवाज येतो, म्हणून आवाज ऐकवून घाबरवणं सोपं. लिहिता लिहिता वीज तुटली तर फाइल-सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची डिस्कवरची नोंद, बिघडते, आणि तो फॉरमॅटचा प्रश्न तिथून येतो. तेव्हा ‘नको’ म्हणून डिस्क काढायची आणि दुसरं काही न लावता एकटी, आखूड केबलने, लॅपटॉपच्या पोर्टला लावून बघायची. तिथेही टक्-टक् आली तरच रिकव्हरीवाल्याचा विचार. वारंवार लावून बघत बसू नका, हेड खरंच गेलं असेल तर तबकडीवर ओरखडे पडतात. आणि दुकानात लावत असतील तर कशाला लावतायत ते बघा.

मी आता भिंतीत लावायच्या अडॅप्टरचा हब घेतलाय, ५ व्होल्ट ४ अँपिअर. अडॅप्टरवरचे आकडे वाचूनच पैसे दिले. सात पोर्टच्या हबला एक अँपिअरचा अडॅप्टर देणारेही आहेत बाजारात.

दुकानात भाच्याला घेऊन गेलो. हबचे पैसे मालकाने मुकाट्याने काढून दिले. रिकव्हरीचं विचारल्यावर म्हणाला, “डेटा मिळाला ना तुम्हाला?” लॅबचं नाव, तिथली पावती, काहीच नाही. त्याच्या बिलावर ‘सर्व्हिस चार्ज’ एवढेच दोन शब्द. भिंतीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, बिलावर मुदत नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, हे त्याला माहीत नव्हतं. किंवा असेलही.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथून दुकानाला विचारणा गेल्यावर त्याचा निरोप आला, निम्मे पैसे देतो, तक्रार मागे घ्या. मी नाही म्हटलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि दाव्याला दोन वर्षांची मुदत असते. डिस्क, हब आणि दोन्ही चिठ्ठ्या एका पाकिटात घालून ठेवल्या आहेत. त्या दुकानातून कुणाला असाच हेड बदलल्याचा अनुभव आला असेल तर चिठ्ठी फेकू नका, मला कळवा.